हाना म्हणू नकोस, कुणीतरी हाणेल

अगं सोने, तुझ्या पूडल पिल्लीसाठीची जपानी नावांची यादी काल रात्री वाचली. अकरा नावं! आपल्या बाळूच्या बारशाला एवढी नावं निघाली नव्हती. आणि वर विचारतेस, "ताई, सगळ्यात जपानी कुठलं वाटतं?" प्रश्नच चुकला बघ. सगळी जपानीच आहेत. सरळगावच्या तुझ्या पडवीतून संध्याकाळी सातला हाक मारलीस, तर त्यातलं कुठलं नाव नावासारखं ऐकू येईल, ते विचार.

जावईबापूंनी चेष्टा केली म्हणून हिरमुसू नकोस. मुरबाडात जपानी नाव कशाला, म्हणे! तसं म्हटलं तर पूडल तरी कुठलं मुरबाडचं? ते जपानचंही नाही. 'पूडल' हा शब्द जर्मन, पाण्यात डुबडुबण्यावरून आलेला. मारलेली बदकं पाण्यातून काढून आणायची, हे त्याचं मूळ काम. अंग भादरून सांध्यांवर तेवढे केसांचे गोंडे ठेवायचे, ती नटवी पद्धतही त्यातलीच, गार पाण्यात सांधे आखडू नयेत म्हणून. मग फ्रान्सने त्याला आपलं म्हटलं, आणि आता जपानात घरोघरी टॉय पूडल. तिथल्या केनेल क्लबच्या नोंदणीत पूडल कित्येक वर्षं पहिल्या नंबरावर आहे. तेव्हा जपानी नाव अगदीच उपरं नाही. हे बापूंना सांग, मात्र जेवण झाल्यावर सांग.

आता माझी फजिती ऐक. तुला कधी सांगितली नव्हती, कारण तू हसशील आणि मग आईला सांगशील.

डोंबिवलीला मी जपानीच्या क्लासला जात होते ना, एन-फाइव्हच्या, म्हणजे अगदी पहिल्या पायरीच्या, त्या वर्षी आमच्या दारात ती पांढरी गावठी पिल्ली आली. आसनगाव ते डोंबिवली गाडीत उभ्याने शब्द पाठ करायचे दिवस. 'हाना' म्हणजे फूल, हे ताजं ताजं शिकलेलं. ठेवलं नाव हाना. घरात गोड वाटायचं. आठवडाभराने पिल्ली शेजारच्या काकांच्या कोंबड्यांमागे सुटली. मी ओट्यावरून जीव खाऊन ओरडले, "हाना! हाना!" काका गोठ्यापाशी शेण भरत होते. त्यांनी घमेलं टाकलं, दांडकं उचललं आणि दिलं भिरकावून. नशीब, ते पाण्याच्या बादलीला लागलं. बादली फुटली, कोंबड्या छपरावर, पिल्ली माझ्या पायात. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "काका, मारलंत कशाला?" तर ते म्हणतात, "आता! तूच बोल्लीस ना, हाना म्हून?"

आपल्याकडे 'ण' कोण म्हणतंय? पाणी पानी, लोणी लोनी, तसं हाणा ते हाना. काकांचं काही चुकलं नव्हतं. मी गावाला हुकूमच दिला होता. बादलीचे पैसे मी भरले आणि त्याच दिवशी नावाचं मराठी करून टाकलं. आमची फुली ती हीच. अर्थ तोच राहिला, दांडकं तेवढं टळलं. आणि गंमत म्हणजे जपानीत 'हाना' म्हणजे नाकसुद्धा. सूर जरा बदलला की फुलाचं नाक होतं. ते मला पुढच्या धड्यात कळलं.

म्हणून तुझ्या यादीतलं पहिलंच नाव मी खोडलं. दुसरं 'सोरा'. आकाश. छान आहे. पण तुझ्या गल्लीत घोड्याला घोरा आणि गाडीला गारी म्हणतात, मग सोरा म्हणजे काय होईल? तू पट्टा धरून "सोरा, सोरा" म्हणशील आणि कुणीतरी भला माणूस येऊन तो सोडून देईल. तिसरं 'मारू'. वाटोळं, गुबगुबीत, तिकडे लाडाचं नाव. जपानी जहाजांच्या नावामागेही ते लागतं, १९१४ च्या त्या कोमागाता मारूचं तू शाळेत वाचलं असशीलच. पण आपल्याकडे "मारू?" असं विचारलं की समोरचा "मार" म्हणणार. काय गं, तुझ्या यादीत सगळी मारामारीच!

'काकी' हे तिकडचं केशरी फळ आहे, मान्य. पण तुझ्या घरात खऱ्या काकी आहेत, त्या आधीच तुझ्यावर नाराज आहेत. 'नाना' म्हणजे सात, आणि तुझे चुलत सासरे ओटीवरच बसलेले असतात. पुढचं सांगायला नको.

'मोची'वर मात्र मी चेष्टा करणार नाही. तिकडे तो चिकट तांदळाचा मऊ लाडू, पिल्लाला शोभेल असा. इकडे ते माणसांचं, त्यांच्या समाजाचं आणि पोट भरायच्या कामाचं नाव आहे. मुरबाडच्या बाजारात कुत्रीला त्या नावाने हाक मारायची नाही. तुझ्या मनात काही नसेल, पण ऐकणाऱ्याला मन असतं.

'साकुरा' टिकणार नाही. तुमच्या घरच्या आजी दोन दिवसांत तिची सखू करतील, आणि सखू नावाच्या बायका तुमच्याच आळीत दोन आहेत. 'युकी' ठीक, पण युकी म्हणजे बर्फ आणि तुझी पिल्ली तपकिरी. जरा लांबवून 'यूकी' म्हटलंस तर धैर्य होतं. फटाक्याला जी पलंगाखाली जाते तिला धैर्य म्हणायचं असेल तर म्हण.

'हाची'वर तू दोन बदाम काढलेस. सिनेमा बघून रडली होतीस, मला ठाऊक आहे. टोकियोच्या शिबुया स्टेशनवरचा तो कुत्रा, हाचिको. त्याचे मालक प्राध्यापक उएनो १९२५ च्या मे महिन्यात कामावर असतानाच वारले, आणि हा पुढे ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत स्टेशनावर वाट बघत राहिला. पुतळा तर त्याच्या हयातीतच, १९३४ मध्ये उभा राहिला. हाची म्हणजे आठ. आणि आपल्या अभंगांच्या भाषेत 'हाचि' म्हणजे हाच, दुसरा कुणी नाही. एवढं जुळणारं नाव मला दुसरं सापडलं नाही. पण एक तर तो नर होता, अकिता जातीचा, पूडलच्या कितीतरी पट मोठा. दुसरं म्हणजे, तू उंबऱ्यात उभी राहून "हाची!" म्हणालीस की ते शिंकल्यासारखं ऐकू येतं. बापू कामाला निघालेत आणि घरात शिंक! आजी त्यांना परत बसवतील, पाणी देतील, आणि त्यांची एसटी जाईल. रोज.

एवढी नावं खोडली म्हणून जपानीवर रागावू नकोस. उलट ती भाषा आपल्या तोंडाला फार सोपी आहे. त्यांची अक्षरं अ, इ, उ, ए, ओ अशीच सुरू होतात, मग क, मग पुढे त, न, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतची वर्णमाला तिकडे गेली, तिचाच तो क्रम. क्लासमध्ये तो तक्ता फळ्यावर आला तेव्हा मला मावशीच्या घरी गेल्यासारखं वाटलं होतं. शिवाय शब्दाच्या शेवटी बहुतेक स्वर, म्हणजे हाक लांबवता येते. अडचण एवढीच की सोपी असल्यामुळे त्यातली अर्धी नावं आपल्याकडे आधीच काहीतरी अर्थ लावून बसलेली आहेत.

आणि नाव फार खोल अर्थाचं हवं असंही तिकडे नाही बरं. शिरो म्हणजे पांढरा, कुरो म्हणजे काळा, ही तिकडची जुनी कुत्र्यांची नावं. म्हशाच्या जत्रेत बैलाला ढवळ्या म्हणतात, तसंच. आता तिथे खाण्याची नावं आली आहेत, मुगी म्हणजे गहू-जव, किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. रंग बघायचा आणि हाक मारायची.

तुझी पिल्ली रंगाने कशी आहे? फोटो मोठा करून बघितला. तपकिरी, जराशी लालसर, कानांवर गडद. 'कुरी' ठेव. कुरी म्हणजे चेस्टनट, गुळगुळीत तपकिरी सालीचं फळ. पावसाळा सरला की जपानी लोक ते भातात घालून शिजवतात. आपल्याकडे ते होत नाही, पण भाताचं कौतुक तुला काय सांगायचं, तुझ्या सासरी तर नवा तांदूळ हुंगून ओळखतात. दोन अक्षरं, सुरुवातीला 'क' खणखणीत, शेवटी 'ई' हवी तेवढी ओढता येते. 'बस', 'नको', 'ये' यांच्याशी गल्लत होत नाही. घरात कुणाचं नाव नाही. आणि मराठीत? कुरळी म्हणता म्हणता जीभ मध्येच थांबली तर कुरी. लाडात आलीस तर कुरी-चान म्हण, तिकडे 'चान' लावतात लाडाला. इकडे लोक ऐकतील 'कुरी छान'. काय बिघडलं?

फार घाईत हाक मारलीस तर 'कुत्री' ऐकू येईल, हे खरं. पण ते तर खोटं नाही ना.

पण माझ्या शब्दावर नाव ठेवू नकोस. मागच्या दाराला उभी राहा, दिवेलागणीला, शेजारी टीव्ही चालू असताना, आणि तीनदा ओरड. लाज वाटली तर ते नाव नको. कारण तुला ही हाक खरोखर ओरडायची आहे, गोड आवाजात फोटोखाली लिहायची नाही. बिबट्याचं तुला मी सांगायला नको. तानसा अभयारण्य आमच्या तालुक्यात आहे आणि माळशेजचं रान तुमच्याकडे. दोन्हीकडे त्याला ओट्यावरचं कुत्रं सोपं पडतं, आणि तुझी तर खांद्याशी जेमतेम दहा इंचांची होणार. अंधार पडला की ती घरात हवी, पहिल्याच हाकेला. रात्री पडवीत बांधायची नाही, पिंजऱ्यात घालूनसुद्धा नाही.

केसांचं पण ऐकून ठेव. पूडलचे केस फारसे गळत नाहीत, वाढत राहतात आणि आतल्या आत गुंता होतो. वरून फणी फिरवून कळत नाही, मुळापासून विंचरावं लागतं, रोज. पावसात चिखल, दिवाळीनंतर कुसळं, आणि गोचीड तर वर्षभर. तिकडचा टेडी बेअरसारखा गोंडस कट तू दाखवलास, तो हिवाळ्यात कर. जूनला बारीक कापून टाक, कुणी हसलं तर हसू दे. कान भिजले की आतून कोरडे पुसायचे. आणि तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस, नंतर डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी.

मी रविवारी किन्हवलीवरून येते, तारांच्या दातांचा ब्रश घेऊन. तोवर आजींना नाव विचारू नकोस, सांगूही नकोस. तू नुसती कुरी, कुरी करत घरात फिर आणि त्या काय म्हणतात ते ऐक. मला वाटतं त्या 'कुडी' ऐकतील, आणि त्यांच्या तोंडून ती पुन्हा 'कुरी' होऊनच बाहेर येईल. लोंबत्या कानांची पिल्ली आणि कानातली मोत्याची कुडी. त्यांच्या स्वतःच्या कुड्या कुठे ठेवल्यात ते त्या गेली चार वर्षं कुणाला सांगत नाहीयेत, तेही कदाचित त्या निमित्ताने निघेल.