एका कुंडीतून पुदिन्याचा मळा

मटण महागले तर बिर्याणीच्या ताटाचा भाव वाढवता येतो. पुदिना महागला म्हणून गिऱ्हाईक दोन रुपये जास्त देत नाही. आपले कबाबवाले, भटारी आणि लहान खानावळवाले हा खर्च मुकाट्याने सोसतात. कडक उन्हाळ्यात जुडी बारीक होते, भाव वाढतो आणि निम्मी पाने काळी निघतात. गच्चीवर थोडी जागा असेल, तर हा माल घरीच तयार होऊ शकतो.

नर्सरीतून एक निरोगी कुंडी आणावी. आणताना पान चुरडून वास घ्यावा, कारण काडीपासून होणारे रोप मूळ झाडाच्याच गुणाचे निघते. बियांचा तसा भरवसा नाही. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे तेलासाठी लावतात तो मेंथॉलचा पुदिना वेगळा; तो चटणीला उग्र लागतो.

फुले न आलेला चार-पाच इंचांचा शेंडा पेराच्या किंचित खाली कापावा. मुळे मुख्यतः पेरापाशी फुटतात. खालची पाने काढून टाकावीत, नाहीतर ती पाण्यात कुजतात आणि काडीही कुजवतात. ग्लासात दोन इंच पाणी घेऊन काड्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, ठेवाव्यात. पाणी दिवसाआड बदलावे. साधारण 7 ते 10 दिवसांत पांढरी मुळे दिसतात. ती इंचभर झाली की काडी मातीत लावावी. मंडईतल्या ताज्या जुडीच्या काड्याही अशाच लागतात. कुंडीबाहेर लोंबणारे फुटवे असतील तर पेर मातीत दाबले तरी पुरे.

भांडे खोल नको, पसरट हवे. फळांच्या जुन्या क्रेटमध्ये गोणपाट अंथरून माती आणि कुजलेले शेणखत भरले की काम भागते. माती ओलसर असावी, चिखल होऊ देऊ नये.

पानांच्या मागे नारिंगी ठिपके दिसले तर तो तांबेरा. अशा झाडाच्या काड्या घेऊ नयेत. आम्ही एकदा धुऊन लावल्या. महिनाभरात तिन्ही क्रेट फेकावे लागले.

मात्र खरा तोटा होतो तो घाईने. आठ-दहा काड्या रुजल्या की घरात लगेच चटणी वाटली जाते. ही पाने म्हणजे मुद्दल समजावे. पहिले दोन महिने शेंडे खुडायचे ते नवी रोपे करण्यासाठीच. एक शेंडा खुडला की खाली दोन फुटतात, म्हणजे मुद्दल आपोआप वाढते.

रमजानची मागणी धरायची तर हिशेब चंद्राचा ठेवावा. 2026 मध्ये रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला. दरवर्षी तो सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो. 2027 साठी पहिल्या काड्या नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत पाण्यात पडल्या पाहिजेत. कापणी करताना मातीपासून दोन इंच बुडखा ठेवावा, म्हणजे ईदच्या बिर्याणीलाही त्याच क्रेटमधून दुसरी कापणी मिळते.