तळ्यापर्यंत कोण नेईल?

शास्त्रपाठ : योहान ५:१-९, मार्क २:१-१२

बेथेसदा तळ्याच्या पाच पडव्यांत पडून राहिलेल्या रोग्यांपैकी एकाची हकीकत योहानाने लिहून ठेवली आहे. तो मनुष्य ३८ वर्षे आजारी होता. पाणी हालले म्हणजे जो प्रथम उतरेल तो बरा होतो अशी तेथे समजूत होती. आणि हा उतरू लागे तो दुसरा कोणी त्याच्या आधी उतरलेला असे. बरे व्हावयाची इच्छा आहे काय, असे प्रभूने विचारले तेव्हा त्याने होय किंवा नाही असे सरळ उत्तर दिले नाही. आपल्याला पाण्यात सोडणारे माणूस नाही, हेच त्याने सांगितले. पुष्कळ उपदेशक ह्या उत्तरास अल्पविश्वासाचा दाखला समजतात. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. रोग्यास बरोबर घेऊन ज्याने पहाटेपासून दवाखान्याच्या दारात रांग धरली आहे, त्याला ह्या उत्तराचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

ह्या पाठाच्या जोडीला एका चित्रपटाची गोष्ट घ्यावी असे योजिले आहे. चित्रपट पाहावे की न पाहावे ह्याविषयी आपल्या मंडळ्यांत मतभेद आहेत. तो वाद येथे नको. गोष्ट तेवढी ऐकावी. 'येस्टर्डे' म्हणजे 'काल' ह्या नावाचा हा चित्रपट डॅरेल रूट ह्यांनी २००४ साली दक्षिण आफ्रिकेत झुलू भाषेत तयार केला. लेलेती खुमालो ह्या नटीने त्यात मुख्य काम केले आहे. 'काल' हे त्या खेडवळ स्त्रीचेच नाव. आजच्यापेक्षा कालचा दिवस बरा होता असे तिच्या बापास वाटे, म्हणून त्याने मुलीस हे नाव ठेविले. तिला एक लहान मुलगी आहे. नवरा दूर जोहान्सबर्ग शहरी खाणीत कामाला असून अधूनमधून घरी येतो. तिला खोकला लागतो, अंगातली शक्ती जाते. मुलीचा हात धरून ती कित्येक मैल उन्हातून चालत दवाखान्यास जाते, तो रांग एवढी मोठी की तिची पाळी येण्यापूर्वीच दिवसाची माणसे मोजून संपतात, आणि पुढच्या आठवड्यास ये असे तिला सांगण्यात येते. पुढच्या आठवड्यास पुन्हा तेच. बेथेसदाच्या पडवीत आणि ह्या दारात अंतर ते काय?

अखेरीस गावात नवीन आलेली एक शिक्षिका तिच्यासाठी वाहनाची तजवीज करते, आणि त्यामुळेच तिला डॉक्टरीणबाईंपुढे बसावयास मिळते. रक्त तपासले जाते व एड्सचा विषाणू अंगात शिरला असल्याचे कळते. तो नवऱ्याकडून आलेला आहे. ती त्याला सांगावयास शहरी जाते, तर तो तिला मारतो. पुढे तोच खंगून, नोकरी गमावून घरी परत येतो. गावकरी त्याला गावात ठेवू देत नाहीत, इस्पितळात खाट रिकामी नसते. तेव्हा ही स्त्री मोडके पत्रे गोळा करून गावाबाहेर खोपट उभारते आणि तो मरेपर्यंत त्याची शुश्रूषा करते. (मारणाऱ्या नवऱ्याचे बायकोने मुकाट्याने सोसावे असा धडा ह्यातून कोणी काढू नये. क्षमा तिने आपण होऊन केली. ती मागण्याचा हक्क गावास नव्हता.) मुलगी शाळेत जाईपर्यंत मरावयाचे नाही, एवढाच तिचा निश्चय, कारण ती स्वतः कधी शाळेत गेली नव्हती.

गावकऱ्यांचे असे वर्तन ही केवळ कल्पना आहे असे समजू नये. १९९८ च्या डिसेंबरात डर्बन शहरानजीक क्वामाशू येथे गुगु ड्लामिनी नावाच्या स्त्रीने आपणास हा विषाणू असल्याचे उघड सांगितले, तेव्हा जमावाने तिला मारहाण करून ठार केले. आपल्याकडे दगड क्वचितच उचलला जातो. आपल्याकडे ताट निराळे ठेवतात.

औषध त्या वेळी नव्हते काय? होते. तीन औषधे एकत्र दिल्यास रोग आटोक्यात राहतो हे १९९६ च्या सुमारास सिद्ध झाले होते. परंतु एका रोग्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांहून अधिक होता. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच तीन औषधे एका परोपकारी वैद्यकीय संस्थेस वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. तेव्हापासून आपल्या देशातील कारखान्यांच्या गोळ्या आफ्रिकेतील असंख्य घरांत पोचल्या. तथापि दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थाबो एम्बेकी ह्यांनी ह्या विषाणूनेच एड्स होतो काय, ह्याविषयी उघड शंका घेतली, आणि सरकारी दवाखान्यांतून औषध देण्यास २००४ साल उजाडले. पाणी हालले होते. गरिबांना त्यात सोडणारे कोणी नव्हते. आपल्या देशात सरकारने १ एप्रिल २००४ पासून काही मोठ्या इस्पितळांत हे औषध मोफत देणे सुरू केले, आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत त्याची केंद्रे झाली.

आता उपदेशकांनी मंडळीस स्पष्ट शब्दांत सांगावयाच्या गोष्टी. हा विषाणू शरीरसंबंधाने, दूषित रक्ताने, दूषित सुईने, आणि आईपासून पोटातल्या अथवा अंगावर पिणाऱ्या मुलास लागतो. एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने, एका विहिरीचे पाणी प्याल्याने तो लागत नाही. प्रभुभोजनाच्या एका प्याल्यानेही लागत नाही. सबब अशा बंधूस किंवा भगिनीस प्याला शेवटी देण्याचे काही कारण नाही. ह्या औषधाने विषाणूचा समूळ नाश होत नाही, परंतु तो दबून राहतो आणि मनुष्य कामधंदा करून पुष्कळ वर्षे जगतो. औषध नियमित घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडण्याइतका उरला नाही, त्याच्यापासून शरीरसंबंधानेही तो दुसऱ्यास लागत नाही. गरोदर स्त्रीने वेळीच औषध घेतल्यास मूल बहुधा निरोगी जन्मते. मात्र गोळी रोज घेतली पाहिजे. मध्येच सोडली तर विषाणू पुन्हा बळावतो, व पुढे तेच औषध त्यास जुमानेनासे होते.

येथे एका शिकवणीचा निषेध केल्यावाचून राहवत नाही. कित्येक फिरते उपदेशक तेल लावून, हात ठेवून, आता गोळ्या फेकून दे, गोळी घेणे म्हणजे अविश्वास, असे रोग्यास सांगतात. प्रभूने त्या मनुष्यास तळ्यावाचून बरे केले हा त्यांचा आधार. परंतु पडवीतल्या इतरांनी पाण्यात उतरू नये असे प्रभू बोलला नाही. लूक वैद्य होता, आणि पौलाने त्यास प्रिय म्हटले आहे. प्रार्थना करावी, अवश्य करावी, आणि गोळीची वेळ झाली की उठून पाण्याचा तांब्या द्यावा.

पक्षाघाती मनुष्याची हकीकत मार्काने दिली आहे, तिच्यात बेथेसदाच्या उलट प्रकार आहे. त्याला वाहून नेणारे चौघे होते. दारात गर्दी होती तर त्यांनी छप्पर उसकटले. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला असे मार्क लिहितो, केवळ त्या रोग्याचा नव्हे. त्या चौघांची नावे शास्त्रात नाहीत, आणि रोग्याचेही नाव नाही. ह्यावरून आपल्या एका रीतीविषयी विचार करावासा वाटतो. आपल्या उपासनेत आजाऱ्यांची नावे, कधी रोगासकट, मोठ्याने घेऊन प्रार्थना करतात. ताप असेल तर ठीक; ह्या रोगात मात्र तेवढ्याने त्या घरची सोयरीक मोडते व मुलांना शाळेत टोचून बोलतात. रोग्याने होकार दिल्यावाचून उपदेशकाने त्याचा रोग आपल्या पत्नीसही सांगू नये. २०१७ साली झालेला व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला कायदाही हेच सांगतो : रोग्याच्या संमतीवाचून तपासणी करू नये, त्याचा रोग उघड करू नये, आणि रोगामुळे त्यास कामावरून किंवा शाळेतून काढू नये.

त्याचप्रमाणे हा रोग त्याला कसा लागला असेल ह्याची चौकशी पारावर करू नये. ती चौकशी शिष्यांनी जन्मांधाविषयी केली होती. योहानाचा नववा अध्याय वाचून प्रभूने त्यांस काय उत्तर दिले ते पाहावे.

रविवारी हा पाठ घेताना पाळकांनी वा उपदेशकांनी मंडळीस पुढील प्रश्न विचारून सर्वांना बोलू द्यावे, व उत्तरे वहीत लिहून ठेवावी. रक्ताची मोफत तपासणी आपल्या गावाहून किती कोसांवर होते, आणि औषध कोठे मिळते? (१०९७ ह्या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास पैसे न पडता माहिती मिळते.) तेथे जावयास एस.टी. किती वाजता निघते, व जाऊन येऊन भाडे किती? ज्याची मजुरी त्या दिवशी बुडेल त्याच्या घरी संध्याकाळी पीठ कोण पोचवील? एखादी बाई तपासणीस गेली तर तिची मुले त्या दिवशी कोणाच्या घरी जेवतील? आणि का गेली असे तिला न विचारता तिच्याबरोबर जाणारे चौघे कोण?