वाटेत गळणारी पॅकेटे

आपल्या बऱ्हाणपुरातील कुंडी भंडारा ठाऊक नाही असा विद्यार्थी विरळाच. १६१५ साली, जहांगीर बादशहाच्या अमदानीत, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भतज्ज्ञाच्या योजनेने सातपुड्याचे झिरपते पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणले गेले. त्या बोगद्यावर ठिकठिकाणी विहिरीसारख्या कुंड्या आहेत. समजा, शहरात पाणी कमी येऊ लागले, तर दोष कोठे शोधावा? एकेक कुंडी पाहत डोंगराकडे जावे. ज्या दोन कुंड्यांच्या दरम्यान पाणी घटलेले दिसेल, तेथेच ते मुरते आहे. बिनतारी ब्रॉडबँडवर ऑनलाइन खेळताना जी पॅकेटे गहाळ होतात, त्यांचा शोधही याच रीतीने घ्यावयाचा असतो.

प्रथम पॅकेट म्हणजे काय ते पाहू. आपण पडद्यावरील गडी उजवीकडे वळविला की ती हालचाल एका लहानशा पुडक्यात बांधून दूरच्या सर्व्हरकडे रवाना होते. अशी पुडकी सेकंदाला तीस, साठ, कधी त्याहून अधिक जातात. वेबपान उघडताना एखादे पुडके हरवले तर ते पुन्हा मागविले जाते आणि आपणांस पत्ताही लागत नाही. जलद खेळांत मात्र बहुधा पोच न मागणारी पद्धत वापरतात. कारण मागच्या क्षणाची हालचाल उशिरा कळून उपयोग काय? सेकंदाला ६० पॅकेटे आणि गळती शेकडा २ असेल, तर मिनिटास ७२ पॅकेटे गेली. ती विखुरलेली गेली तर खेळ अंदाजाने फट बुजवितो. परंतु लागोपाठ वीस गेली, तर सेकंदाचा तिसरा हिस्सा कोरा जातो. आणि समोरचा गडी एका जागी अदृश्य होऊन दुसऱ्या जागी प्रकट होतो!

पुष्कळ मुले याचा दोष अंतरास देतात. तो बरोबर नाही. येथून मुंबई लोहमार्गाने सुमारे ५०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन केवळ ५ मिलिसेकंद. यंत्रांतला वेळ मिळवूनही अंतराने उशीर वाढतो, पॅकेट गळत नाही.

मग गळते कोठे? गच्चीवरील अँटेना आणि टॉवर यांच्यामध्ये तार नाही, हवा आहे. ही सेवा आपल्या देशात ५जीच्या आधारे २०२३ पासून घरोघरी पसरू लागली. तिच्या लहरी दोन जातींच्या. सुमारे ३.३ गिगाहर्ट्झची लहर नऊ सेंटिमीटर लांब असते. पावसाला ती फारशी दाद देत नाही, पण ओल्या पानांचा दाट निंब मध्ये आला की क्षीण होते. २६ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेअकरा मिलिमीटरची. तिला मुसळधार पाऊसही अडवितो आणि भिंतही. (अशाच चिमुकल्या लहरींवर जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास प्रयोग केले होते, हे आपल्या अभिमानाचे आहे.) क्षीण झालेले पॅकेट टॉवर व अँटेना पुन्हा पाठवितात. त्यामुळे ते हरवत नाही, पण उशिरा येते; आणि खेळाच्या दृष्टीने उशिरा आलेले पॅकेट व न आलेले पॅकेट यांत फरक नाही.

आता कुंड्या तपासू. माइक मस यांनी १९८३ साली लिहिलेली ‘पिंग’ नावाची आज्ञा संगणकावर असते. ती पॅकेट पाठवून उत्तर आले की नाही ते मोजते. पहिली कुंडी म्हणजे घरचा राउटर. त्यास वायफायवरून पिंग करावे, मग तारेने जोडून करावे. वायफायवर गळती आणि तारेवर शून्य, तर दोष घरातच आहे, टॉवरला बोल लावू नये. तार कायम ठेवावी. ते जमत नसेल तर राउटर जवळ आणून ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. राउटरपर्यंत सारे ठीक असेल तर बाहेरच्या पत्त्यास पिंग करावे. वाटेतील एखादे यंत्र पिंगला उत्तरच देत नाही, त्यावरून फसू नये. पुढची कुंडी भरलेली असेल तर मागची गळत नाही, हे उघड आहे.

बाहेरची गळती फक्त रात्री आठ ते अकरा वाढत असेल, तर टॉवरवर गर्दी आहे. अँटेना फिरवून लाभ नाही. दिवसरात्र सारखीच असेल तर अँटेनाची दिशा, उंची आणि मधली झाडे पाहावीत. मात्र गच्चीच्या कठड्यावर स्वतः चढू नये, ते काम तंत्रज्ञाचे. आणखी एक कारण सहसा ध्यानात येत नाही. घरातील कोणी मोठी चित्रफीत वर चढवीत असेल, तर राउटरपाशी पॅकेटांची रांग लागते व रांग भरली की नवी टाकून दिली जातात. राउटरमध्ये वेगमर्यादेची सोय असल्यास वर जाणारा वेग प्रत्यक्ष क्षमतेच्या थोडा खाली बांधावा.

तंत्रज्ञास बोलाविण्यापूर्वी तीन दिवसांची नोंद वहीत करावी : तारीख, वेळ, पाऊस होता की नाही, किती पाठविली, किती गळाली. प्रत्येक वेळी शंभर नव्हे, पाचशे पिंग करावेत. कारण शेकडा १ गळती म्हणजे शंभरांत एकच पॅकेट, आणि एकावरून अनुमान बांधता येत नाही.