गाडी घेण्याआधी वही उघडा

सुप्याच्या दुकानदार बंधूंना बारामती-पुण्याच्या फेऱ्यांसाठी गाडी घ्यायची असेल, तर आधी हिशेब मांडावा. मारुती बलेनो २०१९ मध्ये साधी पेट्रोल आणि हायब्रिड अशी दोन्ही मिळे. आता ही हायब्रिड फक्त जुन्या बाजारात मिळते. कंपनीचा दावा लिटरमागे अनुक्रमे २१.०१ व २३.८७ किलोमीटरचा. वर्षाला १०,००० किलोमीटर धावल्यास सुमारे ५७ लिटर पेट्रोल वाचते. लिटरला १०० रुपये धरल्यास ५,७०० रुपये झाले. हायब्रिडसाठी ४०,००० जादा मोजले, तर ते फिटायला सात वर्षे लागतील. शिवाय यातली बरीच बचत सिग्नलवर इंजिन आपोआप बंद होण्याची. मोकळ्या रस्त्यावर ती घटते. जादा बॅटरी तपासायची ती वेगळीच. त्यापेक्षा तेवढी रक्कम मालात घालावी. दिखाव्यासाठी व्याजाचे ओझे तर मुळीच नको.