सोनेरी माशाच्या टाकीतली रोपे

मंडळी, आपली चिंचणी समुद्राकाठची. मासा आपल्याला ताटातला ठाऊक. पण कुणी हौसेने काचेच्या टाकीत सोनेरी मासा पाळला, तर आम्ही सांगतो ते ध्यानात ठेवा.

हा मासा रोहू-कटल्याच्या जातकुळीतला, गोड्या पाण्यातला. खारे पाणी त्याला चालत नाही. तो कोवळा पाला खातो, वाळू उकरतो. नाजूक रोप लावाल तर फस्त करील!

मग कोणते रोप लावावे? जावा फर्नची पाने चिवट असतात. हे रोप वाळूत पुरू नये, दगडाला दोऱ्याने बांधावे. हायड्रिला मासा खातो, पण ती भराभर वाढते.

रोपे उजेडात प्राणवायू सोडतात. रात्री मात्र त्यांनाही तो लागतो. म्हणून दाटी नको.

आता महत्त्वाचे. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेसाठी तिला देशोदेशी नेले. आज तिने आपल्याकडची किती तळी, नद्या झाकून टाकल्या आहेत! तेव्हा टाकीतली जादा रोपे किंवा मासे तळ्यात, विहिरीत सोडू नका. रोपे उन्हात कडक वाळवा, मग खतात घाला. टाकी आपल्या घरची, पण तळे साऱ्या गावाचे, बरं का!