कोन फिल्टर घरी बसवू का?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक आहे. एअर फिल्टरचा मूळ डबा काढून घरीच कोन फिल्टर बसवला तर पिकअप वाढेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आवाज नक्की वाढेल, पिकअप बहुधा नाही. इंजिनाला थंड हवा हवी असते. हवा 10 अंशांनी तापली की तिची घनता सुमारे 3 टक्क्यांनी घटते. कंपनीचा डबा सहसा ग्रीलमागून बाहेरची हवा घेतो. उघडा कोन मात्र बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. घाटात कमी वेगाने चढताना हा फरक जास्त जाणवतो. शिवाय कोन तेल लावायच्या सुती प्रकारचा असेल, त्याला तेल जास्त लागलं आणि ते एअर-फ्लो सेन्सरवर बसलं, की त्याचं मोजमाप चुकतं.

थंड हवा मिळावी म्हणून फिल्टरचा पाइप खाली बंपरपाशी नेण्याचा मोह तर अजिबात नको. साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, तर ते हवेसारखं दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच उघडावं लागतं. वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच.

त्यापेक्षा डबा उघडून कचरा काढा, नवा कागदी फिल्टर घाला, पाइपाच्या क्लिपा घट्ट आहेत का ते पाहा. थ्रॉटल बॉडीही साफ करून घ्या. मंदावलेली गाडी बऱ्याचदा एवढ्यानेच सुधारते.