एका ट्रकचा मालक : भाड्याचा करार आणि अडकलेली बाकी

आपल्या वस्त्यांमध्ये स्वतःच्या मालकीचा एकच ट्रक असून तो स्वतःच चालवणारे बंधू पुष्कळ आहेत. त्यांची कमाई कष्टाची आणि हलाल आहे. तरीही वर्षाअखेरीस अनेकांवर कर्ज उरते. याचे कारण बहुधा आळस किंवा उधळपट्टी नसते, हिशेब नसतो. शरीअतच्या भाषेत भाड्याचा व्यवहार म्हणजे ‘इजारा’. या कराराची पहिली अट अशी की काम कोणते आणि मोबदला किती, हे आधीच स्पष्ट असावे. “गाडी भरा, भाड्याचे नंतर बघू” हे दलालाचे वाक्य सौजन्याचे वाटते, पण पुढच्या भांडणाचे बीज त्यातच असते.

परंतु भाडे ठरवण्यासाठी स्वतःचा खर्च ठाऊक हवा. एक नमुना पाहू. दहा चाकी गाडीचा मासिक हप्ता ४२,००० (विक्रेत्याकडून हप्त्यांनी घेतलेली गाडी येथे गृहीत धरली आहे, व्याजी कर्जाचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे), विमा-परमिट-फिटनेस-कराचा महिन्याचा वाटा १०,००० आणि चालक म्हणून आपली स्वतःची मजुरी २०,०००. एकूण ७२,०००. गाडी महिन्यात २४ दिवस कामावर असेल, तर दिवसाला ३,००० रुपये पडतात, चाक फिरो वा न फिरो. आपली मजुरी खर्चात न धरणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. घर त्याच मजुरीवर चालते, मग ती ‘नफा’ कशी?

आता सोलापूर ते वाशी, जाऊन-येऊन ८०० किलोमीटर. लिटरला ४ किलोमीटर आणि ९० रुपये दर धरल्यास डिझेल १८,०००, टायर, ऑइल, दुरुस्ती ३,२००, टोल ३,०००, तीन दिवसांचे ९,०००. बेरीज ३३,२००. दलाल जाण्याचे २६,००० देतो. रिकामे परतल्यास ७,२०० चा तोटा. एक दिवस थांबून १४,००० चे परतीचे भाडे मिळाले, तर खर्च ३६,२०० आणि जमा ४०,०००, उरले ३,८००. दोन दिवस थांबल्यास ८०० उरतात आणि तिसऱ्या दिवशी फेरी तोट्यात जाते. तोटा भरून काढण्यासाठी जादा टन भरण्याचा मोह होतो. दहा चाकीची एकूण वजनमर्यादा २०१८ पासून २८.५ टन आहे; तिच्यापुढील प्रत्येक टन इतरांच्या जिवाशी खेळ आहे.

खरी अडचण मात्र पुढे आहे. जाण्याच्या भाड्यात २०,००० व परतीच्या भाड्यात १०,००० अॅडव्हान्स मिळाला, तर प्रत्येक फेरीमागे १०,००० बाकी राहते. महिन्याला सहा फेऱ्या, म्हणजे ६०,०००. पोच पावती दिल्यावर दीड महिन्याने पैसे येत असतील, तर कायम ९०,००० रुपये लोकांकडे अडकलेले. महिन्याची शिल्लक २२,८००. म्हणजे जवळजवळ चार महिन्यांची शिल्लक दुसऱ्याच्या खिशात! म्हणून कागदावर नफा असूनही हप्त्याच्या तारखेला हात रिकामे असतात. यावर माझा आग्रह एवढाच की दर थोडा कमी असला तरी वेळेवर देणारा व्यापारी पसंत करावा, आणि विमा व टायरचा वाटा अॅडव्हान्समधूनच वेगळ्या खात्यात टाकावा. अॅडव्हान्स म्हणजे अजून न केलेल्या कामाचे आपल्यावरील देणे होय.

मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. दिव्य कुरआनातील ही सर्वांत दीर्घ आयत आहे. तेव्हा बिल्टीवर ठरलेले भाडे, अॅडव्हान्स, बाकी आणि ती देण्याची तारीख लिहून घ्यावी. ओळखीच्या माणसाकडून लिहून घेण्यात संकोच कसला? मजुराला घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी आणि ऐपत असूनही देणे लांबवणे हा जुलूम आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. आपले जे वाचक ट्रान्सपोर्टचे कार्यालय चालवतात, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. माल उतरवायला दोन दिवस लावले म्हणून आधी ठरलेला थांब्याचा आकार घेणे योग्य आहे. गाडी अडवून ठेवण्याचे ते भाडेच आहे. पण बाकी उशिरा दिली म्हणून तिच्यावर वाढीव रक्कम मागणे हे व्याज ठरते, कारण तेथे केवळ वेळेची किंमत घेतली जाते. उलट बाजूने, “आजच बाकी हवी तर पाच टक्के सोडा” अशी अट बहुसंख्य फुकहांनी अमान्य केली आहे. कोणतीही अट नसताना येणेकऱ्याने स्वखुशीने काही सोडले, तर ती गोष्ट निराळी.

जकातीविषयी नेहमी विचारले जाते. भाड्याने चालणारा ट्रक हे उपजीविकेचे साधन असल्याने त्याच्या किमतीवर जकात नाही, मग आपण हनफी असा वा कोकणातील शाफई. कमाईतून उरलेली रक्कम निसाबला पोचून तिच्यावर चांद्र वर्ष सरले, की अडीच टक्के द्यावयाचे.